दगडी कमानींच्या जुन्या पुलाची पाहणी आणि डागडुजी

महाराष्ट्रातल्या नद्यांवर आजही दगडी कमानींचे कितीतरी पूल उभे आहेत. सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा, कोल्हापूरचा पंचगंगेवरचा शिवाजी पूल त्याच्याही पन्नास वर्षं आधीचा. गोव्यात पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा जांभ्या दगडाचा लांबलचक पूल-रस्ता तर १६३३-३४ मध्ये, लिन्हारेसचा काउंट व्हॉइसरॉय असताना बांधला गेला. हे पूल आपल्या गावांच्या ओळखीचा भाग आहेत आणि नीट सांभाळले तर पुढच्या पिढ्यांनाही पुरतील. सांभाळणं म्हणजे नेमकं काय, ते पुढे सांगितलं आहे. नगरपालिकेतले आणि जिल्हा परिषदेतले अभियंते, गवंडी आणि गावच्या पुलावर जीव असलेली माणसं, या सगळ्यांच्या उपयोगाचं ते आहे.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. दगडी कमान ओझ्याने सहसा मोडत नाही, पाण्याने मोडते. पायाखालची वाळू नेणारं पाणी, भरावात साठून बाजूच्या भिंती बाहेर ढकलणारं पाणी आणि दरजांमधला, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतला चुना धुऊन काढणारं पाणी, असे हे तीन शत्रू. त्यामुळे पाहणी करताना डोळ्यांनी आणि हातांनी पाण्याचा माग काढायचा. बाकी बहुतेक गोष्टी त्या ओघात आपोआप सापडतात.

पाहणी आणि डागडुजी यांतला फरकही लक्षात ठेवा. बघणं, मोजणं, फोटो काढणं हे रस्त्याच्या पुलावर कुणीही करू शकतं. एक दगडसुद्धा हलवायचा तर पूल ज्याच्या ताब्यात आहे त्या खात्याची लेखी परवानगी लागते. पूल केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेला असेल तर त्याच्याभोवतीच्या १०० मीटरमध्ये नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय बांधता येत नाही. रेल्वेच्या पुलावर तर परवानगीशिवाय पाऊलही टाकू नका.

कधी जायचं, काय न्यायचं

वर्षातून दोन पाहण्या हव्यातच. मोठी पाहणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करावी. तेव्हा पाणी उतरलेलं असतं, पुराने केलेलं नुकसान ताजं दिसतं आणि दुरुस्तीसाठी थंडीचे महिने हाताशी राहतात. दुसरी, छोटी पाहणी मेच्या मध्यात करावी: पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना, कमानीत ओंडके अडकलेले नाहीत ना, थंडीत भरलेल्या दरजा टिकल्या का. याशिवाय एखाद्या पावसाळी दिवशी, दोन-तीन तासांची चांगली सर येऊन गेल्यावर कमानीखाली एक चक्कर मारावी. त्या चकरेत जे कळतं ते कोरड्या दिवसात कधीच कळत नाही.

बरोबर ३० मीटरची फीत, ५ मीटरची पोलादी फीत, ओळंबा, सुताची दोरी, खडू, जोरदार टॉर्च, पाव किलोची हातोडी, दुर्बीण, भेगांची रुंदी मोजायचं प्लॅस्टिकचं कार्ड, दर १० सेंटिमीटरवर रंगाचे पट्टे मारलेला चार मीटरचा बांबू आणि १२ मिलिमीटर जाडीची दोन मीटर लांब लोखंडी सळई घ्या. किमान दोघांनी जावं. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर होडी, दोर आणि लाइफ जॅकेटशिवाय उतरू नये.

कमानीखाली शिरण्याआधी दुर्बिणीने वर पाहा. आपल्याकडच्या पुलांखाली आग्या मोहोळाची पोळी हमखास लटकलेली असतात. पोळं दिसलं की त्या गाळ्यात, म्हणजे दोन खांबांमधल्या त्या कमानीत, हातोडी वाजवायची नाही, धूर करायचा नाही आणि ड्रोन तर अजिबात उडवायचा नाही. पोळं हलवायचं काम जाणकाराकडून, संध्याकाळनंतर करून घ्यावं आणि मगच तो गाळा तपासावा. खालच्या दगडांच्या फटींत साप असतात, तिथे हात घालू नका.

आधी पुलाला क्रमांक द्या

प्रवाह ज्या दिशेला जातो तिकडे तोंड करून उभं राहा. डाव्या काठाकडून सुरुवात करून गाळ्यांना ग१, ग२, ग३ आणि खांबांना ख१, ख२ असे क्रमांक द्या. काठांवरच्या अबटमेंटना, म्हणजे पुलाच्या टोकांच्या आधारांना, डावा आणि उजवा म्हणा. पाणी येतं ती वरची बाजू, जातं ती खालची. हे एकदा ठरलं की वहीत, फोटोवर, पत्रव्यवहारात सगळीकडे तेच वापरायचं. ‘मधल्या कमानीला तडा’ एवढंच लिहिलेला अहवाल पाच वर्षांनी कुणाच्याच कामाचा राहत नाही. ‘ग३, खालच्या बाजूकडून १.२ मीटर आत, माथ्यापासून डावीकडे चौथा दगड’ असं लिहिलं तर नवा माणूसही थेट तिथे जाऊन उभा राहतो.

याच वेळी पुलाचा इतिहासही नोंदवून घ्या. बांधणीच्या सालाचा दगड, जुन्या पुरांच्या पातळीच्या खुणा, पाथरवटांनी दगडांवर कोरलेली चिन्हं, सगळ्यांचे फोटो काढा. खांबाचं उभं बांधकाम संपून कमानीचा बाक जिथे सुरू होतो त्या रेषेला इथे उगमरेषा म्हणू. अनेक पुलांना उगमरेषेवर बाहेर आलेले दगड किंवा चौकोनी खोबणी दिसतात. कमान बांधताना तिला खालून तोलणारा लाकडी साचा त्यांच्यावर टेकवलेला असतो. असे दगड ‘निरुपयोगी’ म्हणून तोडलेले आणि खोबणी सिमेंटने बुजवलेल्या पाहिल्या की वाईट वाटतं. पूल कसा उभा राहिला याचा तो शिल्लक राहिलेला एकमेव पुरावा असतो.

नदीच्या तळापासून सुरुवात

वरच्या कठड्यापासून पाहायला सुरुवात करायचा मोह होतो, पण पुलाचं आयुष्य ठरतं तळाशी. पूर आला की खांबाच्या नाकाशी पाणी आपटून खाली वळतं आणि तळाची वाळू-गोटे उकरून नेतं. पूर ओसरताना त्याच खड्ड्यात नवा गाळ येऊन बसतो. डिसेंबरमध्ये तळ सपाट दिसतो तो यामुळे. डोळ्यांवर विश्वास ठेवून पुढे गेलात तर पुलाचा सगळ्यात धोकादायक दोष हातचा निसटला म्हणून समजा.

म्हणून सळई वापरायची. प्रत्येक खांबाभोवती निदान सहा जागा धरा: वरच्या नाकापुढे एक, दोन्ही कुशींना दोन-दोन, खालच्या टोकामागे एक. खांबावर पाण्याच्या वर रंगाने एक कायमची रेघ मारून ठेवा आणि त्या रेघेपासून तळापर्यंतची खोली बांबूने मोजा. पाण्याच्या पातळीपासून मोजू नका, ती रोज बदलते. मग सळई हाताच्या जोराने तळात खुपसा. जुना, बसलेला तळ सळईला लगेच अडवतो. ताजा गाळ असेल तर ती सहज आत जाते. किती आत गेली तेही लिहा. सळई एका जागी १० सेंटिमीटर गेली आणि शेजारी ८० सेंटिमीटर गेली, तर त्या दुसऱ्या जागी पुरात ८० सेंटिमीटरचा खड्डा पडला होता असं धरूनच चालायचं.

मापांत काळजीची गोष्ट म्हणजे खांबाच्या पायाच्या रुंद पायऱ्या उघड्या पडणं, आणि त्याहून वाईट म्हणजे पायाखाली सळई आडवी शिरणं. तसं झालं तर त्याच दिवशी खात्याला लेखी कळवा. पाया उघडा पडण्याची कारणं बहुतेक वेळा पुलापासून दूर असतात. खालच्या अंगाला वाळूउपसा झाला की नदीचा तळ खचतो आणि तो खड्डा हळूहळू प्रवाहाच्या उलट दिशेने सरकत पुलापर्यंत येतो. म्हणून पुलाच्या वर आणि खाली नजर पोचेल तिथपर्यंत वाळूचे ट्रॅक्टर, नवे बंधारे, काठावरचा भराव यांचीही नोंद हवी.

इथे एक चूक वारंवार होते. एकाच खांबाचा पाया उघडा दिसला म्हणून त्याच्याभोवती काँक्रीटचा जाड गोळा ओततात. त्याने पाण्याची वाट अरुंद होते, पाणी जोरात वाहतं आणि शेजारच्या खांबाचा तळ उकरू लागतं. तळाचं संरक्षण करायचं तर सगळ्या गाळ्यांतून, तळाच्या पातळीला किंवा तिच्या खाली, मोठ्या दगडांचं फरसबंद किंवा जाळीतले दगड बसवावे लागतात, आणि त्यांचा खालच्या अंगाचा शेवट खोल गाडावा लागतो. हे काम जलशास्त्राचा हिशेब करूनच व्हावं.

कमानीखाली

टॉर्च तिरपी धरून पोटाची संपूर्ण बाजू पाहा. तिरप्या उजेडात खालीवर झालेले दगड सावली टाकतात, समोरून मारलेल्या उजेडात ते दिसत नाहीत. मग तीन गोष्टी शोधा: भेगा, सुटे दगड आणि पाण्याच्या खुणा.

भेग कुठल्या दिशेला आहे यावरून कारण कळतं. भेग पुलाच्या आडवी, म्हणजे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेलेली असेल, तर कमान तिथे दुमडते आहे, बहुधा एखादा खांब किंचित सरकला किंवा खचला आहे. अशा एक-दोन भेगा घेऊन कमान शंभर वर्षं उभी राहू शकते. तीन ठिकाणी दुमडलेली कमानही तोल सांभाळते. चौथी जागा उघडली की मात्र ती हलायला मोकळी होते. म्हणून माथा, दोन्ही पाव-अंतरं (दोन्ही टोकांपासून गाळ्याच्या पाव लांबीवरच्या जागा) आणि दोन्ही उगमरेषा या पाच जागा दर वेळी नेमाने तपासायच्या. भेग रस्त्याच्या दिशेने, बाजूच्या भिंतीच्या आतल्या कडेलगत धावत असेल, तर भिंत बाहेर ढकलली जाऊन कमानीची कड मुख्य भागापासून सुटते आहे. तीच भेग गाळ्याच्या मधोमध असेल, तर खांबाची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त खचते आहे. तिरपी भेग म्हणजे खांबाचा एक कोपरा खाली जातो आहे. ती दिसली की पुन्हा तळाशी जा आणि त्या कोपऱ्याशी सळई मारून पाहा. दोन्ही गोष्टी जुळतात तेव्हा निदान पक्कं होतं.

भेग जुनी की चालू, हे रुंदीवरून ठरत नाही. कडा काळ्या पडलेल्या, आत कोळ्याची जाळी असलेली पाच मिलिमीटरची भेग पन्नास वर्षांपूर्वीची असू शकते, तर ताज्या कडांची अर्ध्या मिलिमीटरची भेग उद्याचं संकट असू शकते. भेगेच्या दोन्ही अंगांना दोन बारीक गंजरोधक खिळे राळेने चिकटवा आणि त्यांतलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने दर महिन्याला, सकाळच्या एकाच वेळी मोजा. तापमानही लिहा, कारण उन्हाने दगड फुगला की भेग मिटते आणि थंडीत उघडते. पूर्ण वर्षाची नोंद झाल्याशिवाय ‘भेग वाढते आहे’ किंवा ‘नाही’ असं म्हणू नये. काचेची पट्टी चिकटवण्याची जुनी पद्धत हालचाल झाली एवढंच सांगते, किती आणि कुठल्या दिशेला ते सांगत नाही.

कमानीचा आकार बिघडलाय का, हे पाहायला दोन्ही उगमरेषांमध्ये सुताची दोरी ताणा आणि तिच्यापासून माथ्याची व दोन्ही पाव-अंतरांची उंची घ्या. अर्धवर्तुळाकार कमान असेल तर पाव-अंतरावरची उंची माथ्याच्या उंचीच्या ०.८६६ पट यायला हवी: १० मीटरच्या गाळ्यात माथा ५ मीटर, पाव-अंतर ४.३३ मीटर. बांधणीतच थोडा फरक असतो, म्हणून एका आकड्यावर घाबरू नका. डावं आणि उजवं पाव-अंतर एकमेकांशी जुळतं का आणि शेजारच्या गाळ्यांत तोच फरक आहे का, ते पाहा.

आता हातोडी. हलक्या हाताने दगडादगडावर वाजवत जा. घट्ट बसलेला काळा पाषाण खणखणतो, सुटा दगड किंवा मागे पोकळी असलेला दगड भद्द वाजतो. भद्द वाजलेल्या दगडांवर खडूने फुली मारून फोटो काढा. खाली मान करून वाजवू नका आणि हेल्मेट काढू नका.

पाण्याच्या खुणा शेवटी. दरजांमधून लोंबणाऱ्या पांढऱ्या सुया म्हणजे पुलाच्या पोटातला चुना विरघळून बाहेर येतो आहे. जिथे त्या सुया, तिथे वर रस्त्यात पाणी मुरतं आहे. पावसानंतरच्या चकरेत ओले डाग खडूने आखून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले, तर कुठलं पाणी लगेच निघून जातं आणि कुठलं आत साठून झिरपत राहतं ते समजतं. साठणारं पाणी जास्त घातक.

बाजूच्या भिंती, भराव आणि रस्ता

कमानीच्या पाठीवर मुरूम, माती, डबर यांचा भराव असतो आणि तो दोन बाजूंच्या भिंतींनी धरून ठेवलेला असतो. भराव कोरडा असेल तर भिंतींवर जोर कमी. तो भिजून जड झाला, त्यात गाड्यांचे हादरे मिळाले, की भिंतीला पोट येतं. दर दोन मीटरवर ओळंबा सोडून वर, मध्ये आणि खाली भिंतीपासूनचं अंतर मोजा. थोडं पोट अनेक जुन्या पुलांना असतंच. एका वर्षात ते वाढलं, किंवा भिंत आणि कमान यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडली, तर जड वाहनं थांबवायची शिफारस करा.

जुन्या कारागिरांनी या भरावातलं पाणी काढायला भोकं आणि दगडी पन्हाळी ठेवलेल्या असतात. त्या शोधणं आणि मोकळ्या करणं हे सगळ्या देखभालीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं काम आहे. बांबूच्या कामटीने किंवा सळईने आतली माती हळूहळू काढा. पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, आतला बारीक भराव वाहून पोकळी पडते. भोकातून स्वच्छ पाणी आलं तर ठीक. गढूळ पाणी सतत येत असेल तर पूल आतून रिकामा होतो आहे.

वर रस्त्यावर पाणी कुठे साचतं ते पाहा आणि डांबराच्या थरांची एकूण जाडी कडेला मोजा. दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता नवा चढवला जातो. सात मीटर रुंद रस्त्यावर, दहा मीटर लांबीच्या एका गाळ्यावर १०० मिलिमीटर डांबर म्हणजे सात घनमीटर, सुमारे १६ टन. हे कायमचं ओझं आहे, शिवाय कठड्याची उंची तेवढीच कमी होते. नवा थर घालण्याआधी जुना काढायचा आणि कडेला उतार देऊन पाणी पन्हाळीकडे न्यायचं, ही अट निविदेतच लिहून घ्यावी.

कठड्याबाबत गैरसमज नको. दगडी कठडा माणसांना आणि बैलगाड्यांना पुरेसा होता, वेगात आलेल्या वाहनाला तो अडवू शकत नाही. जानेवारी २०१८ मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी पुलावर मिनीबस कठडा तोडून पंचगंगेत कोसळली आणि तेरा जणांचा जीव गेला. उपाय म्हणून मूळ कठडा पाडून काँक्रीटची भिंत उभारू नये. वेग कमी करणारी रचना, रात्रीचे परावर्तक आणि कठड्याच्या आत रस्त्यावर स्वतंत्र आधाराचा अडथळा बसवता येतो.

जलवाहिन्या आणि केबली हाही मोठा त्रास. दगडात भोकं पाडून लटकवलेली, सांध्यातून गळणारी जलवाहिनी बाराही महिने भिंत भिजवते. रोषणाईच्या दिव्यांसाठी पाडलेली भोकंही तशीच. काही बसवायचंच असेल तर पट्ट्यांनी बांधावं, आणि खिळा मारणं टळत नसेल तर तो दगडात न मारता दरजेत मारावा. दरज पुन्हा भरता येते, दगड नाही.

पिंपळ, वड, उंबर

पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेलं बी दरजेत रुजतं. रोप करंगळीपेक्षा बारीक असेल तर पावसाळ्यात, दरज ओली असताना मुळासकट ओढून काढा, सहज येतं. मनगटाएवढं झाड मात्र ओढायचं नाही, मुळांबरोबर दगड येतात. नुसतं छाटलं तर पुढच्या वर्षी दुप्पट फुटतं. पाने हिरवी असताना, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, बुंधा कापून लगेच काही मिनिटांत ताज्या कापावर ब्रशने तणनाशक लावायचं. फवारायचं नाही, खाली नदी आहे. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर परवानाधारक कीड-नियंत्रकाकडूनच करून घ्यावा. झाड पूर्ण मेल्यावर मुळं जिथवर सहज निघतात तिथवर काढून पोकळी चुन्याच्या पातळ मसाल्याने भरावी. आम्ल ओतणं, रॉकेल टाकून जाळणं, मीठ भरणं यांतलं काहीही करू नका. आगीने दगडाचे पापुद्रे सुटतात, मिठाने दरजा फुटतात.

दरजा भरणं

सिमेंट का नको, हे आधी सांगतो. काळा पाषाण सिमेंटपेक्षा कठीण आहे, त्यामुळे ‘सिमेंटने काय बिघडणार’ असं वाटतं. दगडाचं बिघडत नाही, पुलाचं बिघडतं. पूल उन्हा-थंडीत आणि गाड्यांखाली किंचित हलत असतो. चुना ती हालचाल सोसतो, सिमेंटची पट्टी दगडापासून सुटते. सुटलेल्या फटीतून पाणी आत जातं, पण त्याच पट्टीमुळे बाहेर वाळत नाही. आतला जुना चुना भिजून मऊ होतो. जांभ्याच्या पुलात परिणाम वेगळा: तिथे दगडच सच्छिद्र आणि मऊ, म्हणून ओल दगडातूनच बाहेर पडते आणि दगड झिजून सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या दिसतात.

कामाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर चुना फार लवकर वाळतो, आणि पावसाआधी त्याला घट्ट व्हायला निदान तीन महिने मिळायला हवेत.

१. चुना. पाण्याजवळच्या कामाला भारतीय मानक ७१२ मधला अ किंवा ब वर्गाचा, ओल्यातही घट्ट होणारा चुना घ्या. कळीचा चुना मिळाला तर पाणी भरलेल्या टाकीत चुना थोडा थोडा टाकून विझवा. ढिगावर पाणी ओतू नका, उसळून डोळ्यांत जातो. चष्मा आणि हातमोजे सक्तीचे. साध्या पांढऱ्या चुन्याचा लगदा ३ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरवा. ओल्यात घट्ट होणारा चुना असा साठवता येत नाही, तो ताजाच वापरायचा.

२. मसाला. साधा चुना असेल तर एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग धुतलेली धारदार वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी. जास्त भाजलेल्या काळपट विटेच्या भुकटीत चुन्याशी जोडून घेण्याची ताकद उरत नाही. चुन्याच्या घाण्यात किंवा उखळात चांगलं मळा आणि पाणी कमीत कमी ठेवा. गूळ, हिरडा, बेलफळ यांचं पाणी घालायची परंपरा आहे, पण जास्त गुळाने मसाला दिवसेंदिवस ओलाच राहतो. घालायचा असेल तर नमुना करून पाहूनच.

३. नमुना. पुलाच्या सावलीच्या बाजूला एक चौरस मीटर भरा, २८ दिवस थांबा, खिळ्याने ओरखडा. भुगा पडला तर प्रमाण किंवा चुना बदला.

४. दरज उकरणं. रुंदीच्या दुप्पट खोल, पण २५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही. छिन्नी-हातोडीने, हाताने. ग्राइंडर लावला की दगडांच्या कडा कायमच्या कापल्या जातात. तळ चौकोनी हवा, इंग्रजी व्हीसारखा निमुळता नको, नाहीतर मसाला धरत नाही. घट्ट असलेला जुना चुना उकरू नका.

५. भरणं. वरून खाली ब्रशने साफ करा, आदल्या दिवशी आणि भरण्याच्या तासभर आधी पाणी मारा. दरज ओलसर हवी, पाणी साचलेली नको. एका थरात २० मिलिमीटरपेक्षा जास्त भरू नका. लोखंडी पट्टीने दाबत दाबत भरा. शेवटचा थर दगडाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत ठेवा. दगडावर लेपलेला मसाला पाणी अडवतो आणि पुलाचं रूपही बिघडवतो. अंगठ्याने दाबून ठसा उमटेनासा झाला की राठ ब्रशने ठोका.

६. ओल. चौदा दिवस ओलं गोणपाट. डागडुजीची बहुतेक कामं इथेच वाया जातात: चार दिवसांत गोणपाट निघतं, वर पांढरी कडक साल तयार होते आणि आत भुगा राहतो.

मसाला किती लागेल? घडीव दगड ६० बाय ३० सेंटिमीटरचे, दरज १० मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर खोल असेल तर दर चौरस मीटरला पाच मीटर दरज, म्हणजे दीड लिटर मसाला. नासधूस धरून दोन लिटर. अनघड डबराच्या कामात दरजा रुंद आणि वेड्यावाकड्या, तिथे आठ-दहा लिटर धरा.

आतल्या पोकळ्या भरायला पातळ चुना सोडण्याचं काम तज्ज्ञाकडेच द्या, आणि पाणी जाण्याची भोकं मोकळी केल्यानंतरच. नाहीतर भोकंच बुजतात. मुखाचे दगड सुबक आणि आत हलकं डबर, ही जुन्या कामांतली कमजोरी असते. बोरघाटातला एक मोठा दगडी रेल्वेपूल जुलै १८६७ मध्ये कोसळला तेव्हा त्याचं वय पुरतं बारा वर्षंही नव्हतं.

पूल किती भार घेईल

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करी अभियंत्यांनी वापरलेली एक झटपट रीत आजही प्राथमिक अंदाजाला चालते. कमानीच्या दगडाची जाडी आणि माथ्यावरचा भराव यांची मीटरमध्ये बेरीज करा, वर्ग करा, ७४० ने गुणा आणि गाळ्याच्या लांबीच्या १.३ व्या घाताने भागा. आठ मीटरचा गाळा, जाडी ०.६ आणि भराव ०.४ असेल तर एका आसाला चालणारा भार सुमारे ५० टन येतो. या रीतीत आकडा ७० च्या वर धरत नाहीत. मग दरजा, आकार आणि अवस्था यांचे गुणक लावून तो खाली आणायचा. अवस्थेला निम्मेच गुण दिले तरी २५ टन उरतात. चार टायरच्या एकेरी आसाला कायद्याची मर्यादा ११.५ टन आहे. ही रीत १८ मीटरपर्यंतच्या एकट्या गाळ्यासाठी आहे आणि पायाबद्दल ती काहीच सांगत नाही. शिवाय मुखावर दिसणारी दगडाची जाडी आत तेवढीच असते असं नाही. म्हणून या आकड्यावर पूल सुरक्षित असल्याचा दाखला कुणी देऊ नये आणि घेऊही नये.

पुराच्या दिवशी

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्यांसह माणसं गेली. कमानीच्या पुलाचा पुरातला स्वभाव त्यासाठी माहीत असायलाच हवा. पाणी उगमरेषेच्या वर चढलं की वाट अरुंद होत जाते. दहा मीटरच्या अर्धवर्तुळाकार गाळ्यात उगमरेषेला वाट दहा मीटर असते, तीन मीटर वर आठ आणि चार मीटर वर फक्त सहा. म्हणजे पाणी वाढतं तेव्हाच वाट आवळते, वरच्या बाजूला फुगवटा येतो, तळाचा वेग वाढतो आणि एखादा ओंडका आडवा अडकला तर पुढचा कचरा त्याच्यावर रचला जातो.

त्यामुळे प्रत्येक पुलाच्या वरच्या बाजूच्या खांबावर, रस्त्यावरून दिसेल अशी, उगमरेषेशी तांबडी रेघ मारून घ्या. पाणी तिथे पोचलं की वाहतूक बंद करण्याचा अधिकार जागेवरच्या माणसाला आधीच लेखी दिलेला असावा. मध्यरात्री साहेबांचा फोन लागेपर्यंत थांबायची वेळ येऊ नये. पाणी उतरलं की पूल लगेच उघडायचा नाही. आधी पुलाच्या एका टोकाला वाकून कठड्याची रेघ डोळ्यांनी पाहा, कुठे झोळ पडलाय का. मग पाहणीसाठी खांबावर मारलेल्या कायमच्या रेघेपासून तळाची मापं सहाही जागी घ्या आणि सळई मारा. मागच्या डिसेंबरच्या आकड्यांशी ताडून पाहिल्यावर आधी पायी, मग हलकी वाहनं, आणि शेवटी जड वाहनं सोडा. मापांची वही दोन प्रतींत ठेवा: एक खात्याकडे, एक गावातल्या शाळेत किंवा वाचनालयात, जिथे ती पुढच्या अभियंत्याला मागितल्यावर लगेच मिळेल.